बिऱ्हाड पाठीवर, गालिचा मागावर

सळईवरून सुरी फिरते तेव्हा चर्र असा लांब आवाज होतो. जाड कापड एका दमात फाडावं तसा. मागावर बसलेली बाई डावीकडून उजवीकडे हात नेते आणि सळईला घट्ट वेढून बसलेली लोकरीची शेकडो वेटोळी एकामागोमाग सुटतात. सळई मोकळी होऊन तिच्या मांडीवर येते. जिथे क्षणापूर्वी वेटोळ्यांची रांग होती तिथे आता बोटभर रुंदीचीही नसलेली मऊ लव उभी असते, गालिच्याची एक ओळ. बाई त्या ओळीवर तळहात फिरवते, एखादं टोक वर आलं असेल तर खाली दाबते आणि सळई पुन्हा ताण्यांवर आडवी धरते.

ही जागा म्हैसूर जिल्ह्यातली आहे. म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याला लागलं की हुणसूर येतं, मग पिरियापट्टण. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं आणि पानं भाजायच्या उंच, खिडक्या नसलेल्या खोल्या. सुमारे ऐंशी किलोमीटरवर, कावेरी ओलांडून कोडगू जिल्ह्यातल्या कुशालनगरात शिरायच्या आधी, मक्याच्या शेतांवर एकदम पाचरंगी पताका फडफडू लागतात. हे बैलकुप्पे. तिबेटी निर्वासितांची दक्षिण भारतातली सर्वांत जुनी वसाहत. पर्यटकांच्या गाड्या सुवर्णमंदिरापाशी थांबतात, तिथल्या तीन भव्य मूर्तींसमोर फोटो काढतात आणि कुर्गला निघून जातात. गालिच्यांच्या मागांकडे वळणारे थोडे.

‘बिऱ्हाड’ हा यंदाच्या अंकाचा विषय. फिरत्या माणसांच्या बिऱ्हाडात भांडी थोडी असतात आणि विणलेलं पुष्कळ असतं: निजायचं, पांघरायचं, बसायचं, भरायचं, बांधायचं, आणि कित्येकदा राहायचंसुद्धा. जगात गाठीच्या गालिच्यांचं नाव निघालं की पहिल्यांदा इराणच्या भटक्या टोळ्या आठवतात. त्यांच्याच जातीचं, पण निराळ्या गाठीचं विणकाम कावेरीच्या काठी कसं येऊन पोचलं, हे बैलकुप्प्यात पाहायला मिळतं.

जाजम, तोबरा, खुर्जी

आधी थोडं आपल्या भाषेकडे पाहू. लग्नाच्या मांडवात आपण जाजम अंथरतो. घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधतो, आणि पान खाणाऱ्याच्या तोंडातही तोच असतो. घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणाऱ्या पिशव्यांची जोडी म्हणजे खुर्जी. पाठीवर खोगीर. दिवाणखान्यात गालिचा. हे सगळे शब्द फारसीतून आले आणि इराणच्या भटक्या टोळ्यांच्या तंबूत यांतल्या बहुतेक वस्तू बायका आजही हाताने विणतात. तिथे ‘जाजिम’ म्हणजे अरुंद पट्ट्या विणून, शेजारी शेजारी शिवून केलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड. ‘तोब्रे’ म्हणजे जनावराच्या चंदीची पिशवी. ‘खोर्जिन’ म्हणजे खुर्जी. ‘कालिचे’ म्हणजे लहान कालीन, आपला गालिचा. दरबार आणि फौज यांच्या वाटेने शब्द दख्खनेत आले, ज्या तंबूंत त्या वस्तू जन्मल्या ते तंबू मात्र मागे राहिले.

त्या तंबूंत कश्काई, बख्तियारी, लुर, अफशार, शाहसेवन, बलुच अशा कितीतरी टोळ्या राहत आल्या. कश्काई लोक तुर्की बोलतात, इराणच्या फार्स प्रांतात राहतात आणि हिवाळ्यात आखाताकडच्या उबदार सखल भागात, उन्हाळ्यात झाग्रोस डोंगरांतल्या थंड कुरणांवर कळप नेतात. त्यांचा माग पाहिला तर त्याला माग म्हणावं का असा प्रश्न पडेल. जमिनीत चार खुंट्या, दोन आडवी लाकडं, मध्ये ताणलेला ताणा. विणणारी बाई विणलेल्या भागावरच बसते आणि पुढे सरकत जाते. मुक्काम हलायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धा विणलेला गालिचा लाकडांसकट गुंडाळून जनावरावर लादायचा, पुढच्या मुक्कामाला पुन्हा खुंट्या ठोकायच्या. ताण पहिल्यासारखा बसत नाही. म्हणून या गालिच्यांची कड एखाद्या ठिकाणी आत जाते, रुंदी कमीजास्त होते. लोकर संपली तर नवी रंगवावी लागते आणि निळ्यातच दुसऱ्या निळ्याचा पट्टा उमटतो. जाणकार या पट्ट्यांना ‘अब्रश’ म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. मुक्काम कुठे हलला, रंगाचं भांडं कधी रिकामं झालं, हे गालिच्यात दिसून येतं.

युनेस्कोने २०१० साली फार्स आणि काशान इथली गालिचे विणण्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. फार्सच्या नोंदीतली कामाची वाटणी मोठी बोलकी आहे. पुरुषांनी लोकर कातरायची आणि माग उभारायचा. सूत, रंग, नक्षी आणि विणणं बाईचं. समोर कागद नाही, नक्षी डोक्यात. त्यामुळे एकाच नक्षीचे दोन गालिचे होत नाहीत.

यांतली सर्वांत देखणी वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर उत्तर गालिचा नाही. मिठाची पिशवी! ‘नमकदान’. खाली चौकोनी, वर बाटलीसारखी अरुंद मान. मेंढपाळाचा हात आत जावा, पण मिठाला चटावलेल्या मेंढीचं तोंड जाऊ नये, एवढ्याच हिशेबाने तो आकार ठरला. आणि एवढ्याशा पिशवीवरही इंच न् इंच नक्षी.

तिबेटची सळई

तिबेटच्या उंच पठारावरचे भटके मेंढपाळ म्हणजे ड्रोक्पा. त्यांच्या बिऱ्हाडाचा पाया याक. याकच्या राठ काळ्या केसांचं सूत काढायचं, त्याच्या लांब पट्ट्या विणायच्या, पट्ट्या जोडून तंबू करायचा. पाऊस पडला की केस फुगून विणीतली भोकं बुजतात, ऊन पडलं की मोकळी होतात आणि चुलीचा धूर बाहेर पडतो. तंबूची एखादी पट्टी जुनी झाली की तेवढीच उसवून नवी शिवतात.

लडाखच्या रुप्शूत राहणारे चांगपा याच जीवनाचे भारतातले वाटेकरी. मोनिशा अहमद यांनी त्यांच्यात राहून केलेल्या अभ्यासाचं पुस्तक २००२ साली आलं. त्यात त्यांनी नोंदवलं आहे की तिथे बायका आणि पुरुष दोघंही विणतात, पण माग वेगळे. बायकांचा माग कमरेला पट्टा बांधून ताणायचा, पुरुषांचा वेगळ्या बांधणीचा. मिठाशी असलेलं नातं इथेही आहे. तिबेटच्या खाऱ्या सरोवरांचं मीठ मेंढ्यांच्या पाठीवरून खाली आणत आणि त्याच्या बदल्यात धान्य घेत. एकेका मेंढीच्या पाठीवर विणलेल्या दोन छोट्या पिशव्या, मेंढीची खुर्जीच म्हणायची.

लांब लवेची, झुपकेदार निजायची पथारी भटक्यांच्या तंबूत असे. बारीक कामाचे गालिचे मात्र मध्य तिबेटातल्या वस्त्यांत होत, ग्यांत्सेचं नाव त्यात मोठं. ‘खादेन’ हा नेहमीचा आकार: साधारण तीन फूट बाय सहा फूट, दिवसा बसायला आणि रात्री निजायला. घोड्याच्या खोगिराखाली आणि वर घालायचे वेगळे. लामांच्या आसनासाठी वाघाच्या पट्ट्यांचे. आपल्याकडे तपाला व्याघ्राजिन, तिकडे लोकरीचा वाघ. त्यांतले काही वाघ इतके साधे की चार नागमोडी पट्टे आणि शेपूट एवढ्यावर काम भागलेलं असतं, आणि तरी पाहणारा दचकतो.

आता त्या सळईकडे येऊ, कारण सगळं वेगळेपण तिच्यात आहे. इराणी विणकर एक गाठ मारतो, धागा कापतो, दुसरी गाठ मारतो. प्रत्येक गाठ सुटी. गाठी दोन जातींच्या. एक दोन्ही ताण्यांना सारखी वेढणारी, ती तुर्की. दुसरी एका ताण्याला पुरी आणि दुसऱ्याला अर्धी वेढणारी, ती फारसी. या दुसरीला सिनेह शहराचं नाव मिळालं आहे आणि गंमत अशी की त्या शहरात, आजच्या सनंदजमध्ये, बहुतेक गालिचे पहिल्या गाठीने विणतात. व्यापाऱ्यांनी ठेवलेली नावं अशीच चिकटून राहतात.

तिबेटी पद्धतीत धागा कापत नाहीत. ताण्यांसमोर आडवी सळई धरायची. लोकर ताण्यांच्या जोडीमागून घ्यायची, पुढे आणून सळईवरून वळवायची, पुढच्या जोडीकडे जायचं. रंग बदलेपर्यंत धागा अखंड. ओळ भरली की वेटोळी ठोकून घट्ट करायची, मग सुरी. चर्र. त्यानंतर आडवे धागे सोडायचे, लोखंडी दातांच्या पंजाने खाली ठोकायचे, आणि पुन्हा सळई. सळई जाड घेतली तर लव उंच, बारीक घेतली तर ठेंगणी.

मागाची रचनाही बुद्धीची आहे. ताणा वरच्या आणि खालच्या लाटेभोवती चक्राकार फिरवलेला असतो. काम वर चढलं की विणकरीण उंच बसत नाही, ताणाच खाली ओढून मागे फिरवते. हात नेहमी एकाच उंचीवर. हा चक्राकार ताणा एका दांडीवर अडकवलेला असतो. गालिचा पुरा झाला की ती दांडी ओढून काढतात आणि सगळा गालिचा मागावरून एकदम उतरतो.

हिशेब करून पाहावा. तीन बाय सहा फुटांचं खादेन म्हणजे २,५९२ चौरस इंच. चौरस इंचाला ६० गाठींचा माल चांगला मानतात. म्हणजे एका खादेनमध्ये १,५५,५२० गाठी. सळईमुळे हात झरझर चालतो हे खरं, पण दीड लाख वेटोळी शेवटी एकाच बाईच्या बोटांतून जातात.

जंगल तोडून मांडलेले माग

१९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो माणसं. सुरुवातीला त्यातल्या अनेकांना हिमालयात रस्ते बांधायच्या कामावर लावलं. नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली तेव्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्याने बैलकुप्प्याजवळ सुमारे ३,००० एकर दिले. १९६१ पर्यंत लुगसुंग सामडुपलिंग ही पहिली वसाहत उभी राहिली, १९६९ मध्ये तिच्या शेजारी डिकी लारसो. कागदावर एकर, प्रत्यक्षात दाट जंगल. थंड पठारावरून आलेल्या या माणसांनी दक्षिणेच्या उन्हात झाडं तोडली, हत्तींना तोंड दिलं, मका लावायला शिकले. १९६८ मध्ये म्हैसूर राज्यात तिबेटी पुनर्वसनासाठीच ‘मायराडा’ ही संस्था निघाली. पुढे तिने गावोगावी बचतगटांचं मोठं काम केलं, पण तिचा जन्म या छावण्यांतला.

शेती पावसावरची. एका पिकानंतर हातांना काम नाही. म्हणून दार्जीलिंगपासून नेपाळपर्यंत आणि हिमाचलपासून म्हैसूरपर्यंत जिथे जिथे तिबेटी छावणी पडली तिथे तिथे गालिच्याचे माग आले. दार्जीलिंगचं स्वयंसहाय्य केंद्र तर २ ऑक्टोबर १९५९ लाच सुरू झालं. बैलकुप्प्यात सहकारी सोसायटीने माग मांडले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. छावणीत मागावर बसलेल्या सगळ्याच बाया पिढीजात विणकर नव्हत्या. कुणी शेतकऱ्याच्या घरची, कुणी याक राखणारी, कुणी कधीच मागाला हात न लावलेली. ज्यांना येत होतं त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. तिबेटात जे काम काही भागांचं, काही घरांचं होतं ते निर्वासित झाल्यावर सगळ्यांचं झालं. हे गालिचे ‘प्राचीन परंपरा’ म्हणून विकले जातात. मात्र त्यांचं आजचं रूप छावणीत घडलं आहे, आणि त्यामुळे त्यांची किंमत कमी होत नाही, वाढते. घर गेल्यावर माणसांनी एकमेकांना शिकवून उभं केलेलं हे काम आहे.

रूपही बदललं. ताणा पूर्वी लोकरीचा असे, आता सुताचा असतो, कारण सुताचा ताणा सरळ राहतो. तिबेटी पठारावरच्या मेंढीची लांब, तुकतुकीत, तेलकट लोकर सरहद्द बंद झाल्यावर दुर्मीळ झाली. पूर्वी ती कालिम्पाँगच्या वाटेने खाली येई. मग न्यूझीलंडची आणि इतर लोकर मिसळू लागले. जुन्या रंगांत पिवळ्यासाठी हिमालयातला रेवंदचिनी, तपकिरीसाठी अक्रोडाची सालं, तांबड्यासाठी मंजिष्ठ आणि निळ्यासाठी नीळ; ही नीळ भारतातूनच डोंगर चढून तिबेटात जाई. आता रंग डब्यातून येतात. मागावरून उतरलेल्या गालिच्यावर ड्रॅगनच्या, कमळाच्या कडेने कात्री फिरवून नक्षी उठावदार करतात. जुन्या तिबेटी गालिच्यांत हे सहसा दिसत नाही. विदेशी गिऱ्हाइकाला आवडलं म्हणून रुळलं. आणि नक्षी आता चौकटीच्या कागदावर असते. विणकरीण मान वर करून चौकटी मोजते, मान खाली घालून वेटोळी घालते.

नक्षी लक्षात ठेवायच्या जगभर तीन तऱ्हा दिसतात. कश्काई बाईच्या डोक्यात ती असते. काश्मिरात ती ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेली असते आणि एक जण ती गाण्यासारखी वाचतो. बैलकुप्प्यात चौकटीचा कागद. म्हैसूर शहरातल्या हस्तकलेच्या दुकानांत काश्मिरी गालिचे काशान, तबरीझ अशा इराणी नावांनी मांडलेले असतात. त्यांच्या विणकरांनी ती शहरं पाहिलेली नसतात. अस्सल हातगाठीचा माल ओळखायचा तर उलटा करून पाहावा. मागच्या बाजूला नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट हवी, गाठींच्या ओळी किंचित वाकड्या हव्यात. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावं.

घोंगडी आणि गालिचा

बैलकुप्प्याच्या मागांसमोर उभं राहिलं की मराठी माणसाला घोंगडी आठवल्याशिवाय राहत नाही. तिचंही बिऱ्हाड फिरतं. धनगरांचा वाडा म्हणजे भिंतींचा वाडा नव्हे, घोड्यांवर लादलेला संसार. पावसाळा संपला की माळावरून कोकणाकडे उतरायचं, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. लोकर धनगराची, विणणं सनगराचं. खड्ड्यातला माग, चिंचोक्याची खळ, आणि कोकराच्या पहिल्या कातरणीच्या जावळाचं घोंगडं असेल तर त्याच्या मऊपणाचं कौतुक साऱ्या गावात. कर्नाटकात हेच कुरुबांचं. बिरोबा इकडे, बीरेश्वर तिकडे; कांबळं दोन्हीकडे. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेऱ्याचा कांबळ्यांचा बाजार प्रसिद्ध आहे.

पण दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि आखूड. तिची गाठ मारून लव काढायचा खटाटोप कुणी केला नाही. तिचं पाणी झिरपू न देणारं, काट्यांत न फाटणारं पांघरूण झालं. ज्या जनावराच्या अंगावर जे उगवतं त्यातून त्या मुलखाचं कापड होतं. आज त्या लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून मेंढपाळ मटणासाठी माडग्याळसारख्या, अंगावर लोकर नसलेल्या जातीकडे वळले. मग सनगराच्या खड्ड्यातल्या मागावर परकी लोकर येते, नाहीतर काहीच येत नाही. बैलकुप्प्यात सरहद्द बंद झाली म्हणून लोकर तुटली. सांगली-सोलापुराकडे सरहद्द उघडी असून तुटली. दुसरं जास्त टोचतं.

मागावर कोण बसणार

निर्वासितांच्या गालिच्यांनी एकदा मोठे दिवस पाहिले. नेपाळात तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गालिचे देशाच्या सर्वांत मोठ्या निर्यातींपैकी एक होते आणि मुख्य गिऱ्हाईक जर्मनी. मग कारखान्यांत मुलं राबतात हे जगासमोर आलं. भारतात कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे चिन्ह सुरू झालं: गालिच्यावर ते असलं की त्यात बालमजुरी नाही, अशी त्याची हमी असे. ते आलं हे फार चांगलं झालं. स्वस्त मालाची सवय झालेल्या बाजाराला मात्र प्रौढ बाईच्या मजुरीचा खरा हिशेब परवडेनासा झाला, आणि यंत्रावरचे गालिचे तर दारोदार आले.

बैलकुप्प्यात मागांची संख्या घटत गेली. वसाहतीतली मुलं शिकली, बंगळूरला गेली, पुढे विदेशात गेली. रोज एकाच उंचीवर हात धरून पाठीचा काटा ढिला करायचा आणि महिनाअखेरीस जेमतेम मजुरी घ्यायची, हे त्यांनी का करावं? त्यांच्या आयांनाही ते नको आहे. म्हणून मागावर बहुतेक वयस्क बाया दिसतात. त्यांना सगळे ‘आमा-ला’ म्हणतात. आमा म्हणजे आई आणि ‘ला’ आपल्या ‘जी’सारखं. कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं पांगदेन, म्हणजे लग्न झालेल्या बाईचा एप्रन, तोही तीन विणलेल्या पट्ट्या जोडून केलेला. एका हातात लोकरीचा गुंडा, दुसऱ्या हाताला सळईची सवय.

महाराष्ट्रातही एक तिबेटी वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, १९७२ मधली नोर्ग्येलिंग. पण आपल्याला तिबेटी माणूस भेटतो तो दिवाळीनंतर, स्वेटरच्या ताडपत्रीखाली. पुण्यात, नाशकात, नागपुरात थंडी पडू लागली की गठ्ठे उतरतात. लुधियानात उधारीवर माल उचलायचा, तीन महिने परगावी खोली घेऊन राहायचं, वसंतात हिशेब चुकता करायचा. गालिच्यापेक्षा यात पैसा जास्त सुटतो. बैलकुप्प्यातली कित्येक घरं या दिवसांत कुलपं लावून बसतात.

हा अंक हातात पडेल तेव्हा ते सगळे प्रवासाला निघालेले असतील. सोसायटीच्या शेडमध्ये माग धुळीपासून वाचावा म्हणून जुनं कापड टाकून झाकतात. त्याखाली अर्धं खादेन, हिमसिंहाचे पुढचे दोन पाय आणि निळ्या आयाळीचा थोडा भाग. मागचे पाय अजून चौकटीच्या कागदावर आहेत. शेवटच्या ओळीतली सळई काढलेली नाही. न कापलेली वेटोळी तिला तशीच धरून बसली आहेत.